उंट वेशीवर अडला

(खराडी, जि. पुणे येथे विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेली मांडणी)



यवतमाळ, अमरावती, परभणी, बीड अशा लांबलांबच्या जिल्ह्यांतून रात्रभर प्रवास करून तुम्ही इथे खराडीला आलात. नगर रस्त्याने येताना काचेच्या इमारती पाहिल्या असतील. हे मुळा-मुठेच्या काठचे शेतीचे गाव. १९९७ साली ते पुणे महापालिकेत गेले आणि शेतात संगणकाच्या कंपन्या उगवल्या. गावाचे बरे झाले की वाईट, तो आजचा विषय नाही. पण या इमारतींत जो माणूस राहतो तो आज आपल्या विषयाशी बांधलेला आहे, कारण उंटिणीचे दूध पितो तो हाच. त्या दुधाची भुकटी किलोला काही हजार रुपये मोजून तो घरपोच मागवतो. त्याच्या मोबाइलवर जी जाहिरात येते तीच तुमच्या पोराच्या मोबाइलवरही येते. मग पोरगा संध्याकाळी विचारतो, "कापसात काय राहिलंय? आपण उंट का नाही पाळायचे?" एखादा जास्त वाचलेला असला तर म्हणतो, लामा आणू, अल्पाका आणू, त्याची लोकर सोन्याच्या भावाने जाते.

पोराला हसून उडवून लावू नका. कापूस आणि ज्वारी तोट्यात गेल्यावर दुसरे काही शोधणारा पोरगा शहाणाच म्हटला पाहिजे. त्याच्या प्रश्नाचा हिशेब नीट करून दिला पाहिजे, आणि तो हिशेब करता करता आपल्याच दावणीशी येऊन पोहोचतो, हे आज सांगायचे आहे.

आधी लामा आणि अल्पाका. हे उंटाचेच भाऊबंद, पण पाठीवर मदार नाही. राहतात दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून साडेतीन-चार हजार मीटरवर. लामा ओझे वाहतो, अल्पाका लोकर देतो. जगातले बहुतेक अल्पाका एकट्या पेरूत आहेत. तिथला पाळणारा थंडीत, विरळ गवतावर, पिढ्यान्‌पिढ्या ही जनावरे राखतो. हे जनावर चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात आणून बांधायचे म्हणजे त्याला आधी पंखा लावावा लागेल. चंद्रपुरातली वीज तुम्हाला ठाऊक आहे.

पण ऊन बाजूला ठेवा, पैशाची गोष्ट ऐका. अमेरिकेत १९८४ पासून अल्पाका आणले जाऊ लागले. पुढे टीव्हीवर जाहिराती झाल्या, करसवलती दाखवल्या गेल्या, एकेक मादी हजारो डॉलरला गेली. घेणारा कशासाठी घेत होता? तिची पिल्ले दुसऱ्याला विकण्यासाठी. दुसरा घेत होता तिसऱ्याला विकण्यासाठी. लोकरीतून येणारा पैसा त्या किमतीच्या जवळपासही नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली हिशेब मांडून हा फुगा असल्याचे छापून सांगितले. २००८ च्या मंदीनंतर फुगा फुटला, आणि लोक अल्पाका फुकट घेऊन जा म्हणू लागले.

तुम्ही हसताय, कारण ही गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. आपल्याकडे तिचे नाव इमू होते. तमिळनाडूत पेरुंदुराईची इमू कंपनी २०१२ साली बुडाली आणि हजारो लोकांचे पैसे घेऊन बुडाली. महाराष्ट्रातही कितीतरी शेडांमध्ये पक्षी उभे राहिले आणि खाद्याचा खर्च मालकाच्या अंगावर. नंतर २०१९ साली सांगली-साताऱ्याकडे कडकनाथ कोंबडीची पाळी आली. पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो, असा करार होता. घेणारा एक दिवस दिसेनासा झाला. इमूचे मांस काय किंवा कडकनाथचे अंडे काय, माल वाईट नव्हता. पण गावच्या बाजारात त्याला दुसरा गिऱ्हाईक नव्हता. म्हणून कोणी नवे जनावर घेऊन दारात आला की त्याला एकच विचारायचे: जनावराचे दूध, लोकर, मांस विकून पैसा येणार, की जनावरच पुढच्या शेतकऱ्याला विकून? दुसरे उत्तर आले तर चहा पाजून वाटेला लावा.

आता उंट. उंटाचे तसे नाही. उंट आपल्याला परका नाही.

कपाशीची उलंगवाडी झाली, ज्वारी निघाली, की विदर्भात कच्छचे रबारी येतात. काही डेरे तर पिढ्यांपासून इकडेच फिरतात. त्यांची पोरे आपल्यासारखीच वऱ्हाडी बोलतात. पुढे मेंढ्यांचा कळप आणि मागून उंट. उंटावर खाट, खाटेवर भांडी-गोधड्या, वर म्हातारी किंवा लेकरू, आणि बाजूच्या पिशवीतून डोके काढलेली दोन कोकरे. पराटीचा पाला, धसकटांतला चारा, धुऱ्यावरची बाभूळ आणि बोर, जे आपल्या कामाचे नाही त्यावर त्यांचे जनावर जगते. त्या बदल्यात रात्री मेंढ्या शेतात बसतात. लेंडी आणि मूत थेट जमिनीत. मेंढ्या बसवायला आपण धान्य देतो किंवा पैसे देतो, आणि पुढच्या वर्षी त्या तुकड्यातली ज्वारी धुऱ्यावरून ओळखू येते. हा व्यवहार कोणत्या सरकारी योजनेने सुरू केला नाही, कोणत्या कृषी विद्यापीठाने शिफारस केली नाही. दोघांना परवडला म्हणून टिकला. या व्यवहारात उंट म्हणजे त्यांचे घर आणि त्यांचा ट्रक. उंट काढून घेतला तर डेरा हलत नाही, आणि डेरा हलला नाही तर तुमच्या शेतात लेंडी पडत नाही.

मग आपणच उंट पाळला तर? आधी जनावराचा हिशेब करू. उंटीण साधारण चौथ्या वर्षी फळते, तेरा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते, आणि पुढचे पिल्लू दोन वर्षांनी. म्हणजे आज घेतलेली कालवड-उंटीण हातात पैसा द्यायला चार-पाच वर्षे लावते. दूध दिवसाला चार-सहा लिटर धरा, चारा चांगला असला तर. तेही पिल्लू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. या दुधाचे दही नीट लागत नाही, लोणी सहज निघत नाही. म्हणजे दूध उरले तर घरी तूप करून ठेवू, ही म्हशीची सोय इथे नाही. रोज नेणारा पाहिजे, नाहीतर ओतून द्यायचे.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. उंटाला खूर नसतो, मऊ गादीसारखा तळवा असतो. तो वाळूसाठी आहे. आपल्या काळ्या जमिनीत मृगाचा पाऊस पडून चिखल झाला की उंट घसरतो, मागचे पाय फाकतात, आणि एकदा तसा पडलेला उंट पुष्कळदा उठत नाही. ओल्या हवेत चावणाऱ्या मोठ्या माश्या वाढतात, त्यांच्यामुळे सर्रा होतो. तो उंटाला हळूहळू वाळवत नेतो. खरूज वेगळीच. रबारी हे सारे जाणतो, म्हणून पावसाळ्यात डेरा कुठे न्यायचा, कोणत्या माळावर राहायचे, हे त्याला पाठ असते. चार एकर काळ्या जमिनीच्या मालकाला जनावर घेऊन असे हलता येत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे: कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याने दुधासाठी उंट पाळू नये. उंट ज्याला जमतो त्याला पाळू द्यावा. आपल्याकडे कोरडवाहूचे जनावर शेळी आहे. उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते, वर्षा-सव्वा वर्षात पुन्हा विते, आणि पोराची फी भरायची असली तर आठवडी बाजारात कोणाला न विचारता विकता येते.

ही कोणाला न विचारता विकता येण्याची गोष्ट लक्षात ठेवा. आता राजस्थानात चला.

१९९२ च्या पशुगणनेत देशात दहा लाखांवर उंट होते. २०१२ मध्ये चार लाख उरले. २०१९ मध्ये अडीच लाख. सात वर्षांत शंभरातले सदतीस गेले. ट्रॅक्टर आला, पिकअप गाडी आली, गायराने आणि वने चराईला बंद झाली, म्हणून उंट आधीपासून घटत होता हे खरे. कायद्यानेच सगळे केले असे आम्ही म्हणणार नाही. पण घटत्या उंटाला वाचवण्यासाठी सरकारने काय केले ते पाहा. २०१४ साली राजस्थान सरकारने उंटाला राज्यप्राणी केले. २०१५ साली कायदा केला: उंट मारायचा नाही, आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर न्यायचाही नाही.

वाचायला किती चांगले वाटते! आता रायका पशुपालकाच्या जागी उभे राहा. रायका हा उंट कापण्यासाठी पाळत नव्हता. त्याच्या जातीत ते पाप मानतात. तो मादी राखायचा आणि तरणा नर पुष्करच्या किंवा दुसऱ्या एखाद्या जत्रेत विकायचा. तो नर गाडी ओढायला बाहेरच्या राज्यात जायचा. मिळालेल्या पैशावर उरलेल्या माद्या पोसल्या जायच्या. कायद्याने वेस बंद झाली. बाहेरचा व्यापारी पोलिसांच्या भीतीने येईना. जत्रेत उंट कमी आणि छायाचित्र काढणारे जास्त झाले. ज्या नराचे तीस-चाळीस हजार यायचे त्याला काही हजारसुद्धा कोणी देईना. मग सरकारने दुसरी योजना काढली: पिल्लू जन्मले की दहा हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. एका हाताने बाजार बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने अनुदानाचा अर्ज द्यायचा! रायक्याच्या पोराने काय केले? उंट सोडला आणि शहरात मजुरीला गेला. उंटाला कोणी मारले नाही. पिल्लू जन्माला घालायची कोणाला इच्छा उरली नाही, एवढेच.

शेजारी कच्छ आहे. तिथेही उंट, तसेच वाळवंट, तेच रबारी आणि जत. तिथला खाराई जातीचा उंट समुद्राच्या खाडीत पोहत जाऊन तिवराची झाडे खातो. २०१५ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. तिथे उंटपालकांनी स्वतःची संघटना केली आणि दुधाला गिऱ्हाईक मागितला. त्यांच्यातही दूध विकणे पूर्वी कमीपणाचे मानत. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उंटिणीच्या दुधाचे मानक ठरवले, म्हणजे ते डेअरीला कायद्याने विकता येऊ लागले. पुढे कच्छची सरहद डेअरी दूध गोळा करू लागली आणि जानेवारी २०१९ मध्ये अमूलने बाटलीतून बाजारात आणले, अर्धा लिटर पन्नास रुपयांना. पाळणाऱ्याला पूर्वी लिटरला वीसेक रुपये मिळायचे, ते पन्नासच्या आसपास गेले. त्याला अनुदान कोणी दिले नाही, राज्यप्राण्याचा मान दिला नाही. रोज सकाळी दूध नेणारी गाडी दिली.

(दुधाने मधुमेह बरा होतो असे जाहिरातीत सांगतात. काही छोट्या चाचण्यांत इन्सुलिन थोडे कमी लागल्याचे दिसले आहे, पण बरा होतो म्हणून गोळ्या बंद करणारा माणूस दवाखान्यात पोहोचेल. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना हे सांगून ठेवा.)

मग महाराष्ट्राचा या सगळ्याशी संबंध काय? अमरावतीवाल्यांना माहीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये कच्छहून विदर्भाकडे निघालेले ५८ उंट अमरावती जिल्ह्यात अडवले गेले. तक्रार अशी की हे हैदराबादकडे कत्तलीला चालले आहेत. पाच पशुपालकांवर गुन्हा दाखल झाला. ते म्हणत होते की विदर्भातल्या आमच्या नातेवाइकांच्या डेऱ्यांना उंट पोहोचवायचे आहेत, बापजादे असेच आणत आले. उंट गेले अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत आणि मालक गेले कोर्टात. झाडाचा पाला ओरबाडून रोज मैलोन्‌मैल चालणारे जनावर कित्येक आठवडे एका आवारात कोंडून राहिले. पुढच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, नाशिकला शंभरावर उंट आले. पुन्हा तोच संशय. पांजरपोळात ठेवलेल्यांपैकी काही तिथेच मेले, बाकीचे राजस्थानकडे परत धाडले गेले.

कोणी लबाडी करत नसेल असे आम्ही म्हणत नाही. नाशिकच्या उंटांचे खरे काय ते तपास करणाऱ्यांना माहीत. पण जनावर घेऊन रस्त्याने चालणारा माणूस म्हणजे आधी चोर, आणि नंतर त्याने स्वतःला सावकार सिद्ध करावे, ही रीत कुठली? सोयाबीन घेऊन चाललेल्या ट्रकला कोणी विचारत नाही की याचे तेल काढणार की भाजी करणार.

आणि आता आपले. कापूसवाल्यांनो, तुम्हाला ही वेस नवी नाही. एकाधिकार खरेदीची तीस वर्षे आठवा. १९७२ पासून महाराष्ट्राचा कापूस महाराष्ट्रातच, सरकारलाच. पैनगंगेपलीकडे भाव जास्त असला तरी गाडी पलीकडे न्यायची नाही. नेली तर आपलाच कापूस चोरीचा! रात्री कंदील विझवून बैलगाडी नदीत घालणारे आज इथे बसले आहेत. तेव्हाही सांगितले होते की हे तुमच्याच रक्षणासाठी आहे. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्याला वाट मोकळी झाली तेव्हा कुठे ती चौकी सुटली.

कापसाची चौकी सुटली आणि बैलाची आली. महाराष्ट्रात गाय मारायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. बैल आणि वळू त्यात घालणारे विधेयक १९९५ साली विधिमंडळात मंजूर झाले, दिल्लीला वीस वर्षे पडून राहिले, आणि २०१५ साली राष्ट्रपतींची सही होऊन लागू झाले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातली एक-दोन कलमे काढली, पण बैलावरची बंदी कायम ठेवली. राजस्थानचा उंट आणि आपला बैल एकाच वर्षी वेशीवर अडले, हे ध्यानात घ्या.

पूर्वी आपण काय करायचो? बैल थकला की तो विकून त्यात थोडी भर घालायची आणि तरणी जोडी आणायची. म्हातारा बैल म्हणजे नव्या बैलाच्या किमतीचा पहिला हप्ता होता. तो हप्ता बुडाला. चारशे किलोचा बैल दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा खातो, म्हणजे वर्षाला तीन टन. दुष्काळी वर्षात कडब्याला काय भाव द्यावा लागला तो आकडा तुमचा तुम्ही घाला आणि गुणाकार करा. म्हणून रात्री दावे सोडले जाते. ते जनावर मग शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरते आणि भांडण दोन शेतकऱ्यांत लागते. म्हशीवर मात्र या कायद्याने अशी बंदी नाही, म्हणून भाकड म्हशीला आजही पैसे येतात आणि माणूस म्हैस बांधायला तयार होतो. पुढचा आकडा राजस्थानच्या उंटासारखाच आहे: २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातले बैल-गोऱ्हे सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. यातही ट्रॅक्टरचा वाटा मोठा, हे पुन्हा सांगतो. पण दोन एकरवाल्याला ट्रॅक्टरचे भाडे परवडते म्हणून त्याने बैल सोडला, की म्हातारा झाल्यावर याचे काय करू या धास्तीने नवा घेतलाच नाही, हे कोणी मोजले आहे? सरकार मोजणार नाही. आपण मोजू.

त्यासाठी जिल्हा बैठकांसमोर काम ठेवले आहे. प्रत्येक गावात दहा घरांची यादी करा. २०१५ च्या आधी शेवटची बैलजोडी कितीला विकली, त्यानंतर काय मिळाले, आज दावणीला किती आहेत, आणि नसतील तर का नाहीत, एवढे चार रकाने. अंदाजे आकडा लिहू नका. बाजार समितीची पावती असेल तर तिचा क्रमांक घ्या. बायकांना विचारा, चाऱ्याचा खर्च त्यांना नेमका आठवतो.

दुसरे काम उलंगवाडीच्या आधीचे. यंदाही डेरे येतील. तुमच्या गावात दरवर्षी जो डेरा उतरतो त्याच्या म्हाताऱ्याला ओळखत असाल, तर ग्रामपंचायतीकडून दोन ओळींचे पत्र करून ठेवा: हे लोक इतकी वर्षे आमच्या शिवारात मेंढ्या बसवतात, यांच्याकडे इतके उंट असतात. रस्त्यात कोणी अडवले, गर्दी जमली, तर फोनवर बोलून भागत नाही. गावातल्या चार-पाच जणांनी ते पत्र घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन बसावे आणि पंचनाम्यात आपला जबाब लिहून घ्यायला लावावा. गेल्या खेपेला हे उंट कोणाच्या शेतात बांधले होते, ते सातबाऱ्याच्या गट क्रमांकासह सांगावे. उंट सुटायच्या आधी संध्याकाळ झाली तर ठाणेदाराला विचारा की याला पाणी कोण पाजणार. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटर पितो. दोन-चार टिपाडे बरोबर घेऊनच जा.